श्रेष्ठ घोडा कोणता? : तुलनेची मापे आणि त्यांच्या मर्यादा

वेगवेगळ्या दशकांत धावलेल्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न जितक्या आवेशाने विचारला जातो तितक्या काळजीने मांडला जात नाही. ज्या दोन घोड्यांची कधी गाठच पडली नाही, ज्यांची धावण्याची भूमी निराळी, पाठीवरचे ओझे निराळे आणि प्रतिस्पर्ध्यांची पिढीही निराळी, त्यांना कल्पनेने एका रांगेत उभे करायचे तर कोणत्या मापाने मोजायचे हे आधी ठरवावे लागते. आणि माप ठरले की बहुधा त्याच्या निवडीतच अर्धा निकाल लागून गेलेला असतो. घड्याळ एका घोड्याच्या बाजूने बोलते, विजयांची मोजदाद दुसऱ्याच्या, हँडिकॅपरचा आकडा तिसऱ्याच्या आणि संततीचा इतिहास चौथ्याच्याच. या मापांपैकी कोणते कुठवर विश्वासार्ह आहे आणि कोठे ते फसवते, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केला आहे. उदाहरणे शक्यतो मुंबई-पुण्याच्या मैदानांवरची आणि मराठी माणसांशी संबंधित घोड्यांची घेतली आहेत. ज्या नगर जिल्ह्यात हे व्याख्यान होत आहे, त्या जिल्ह्याने घोड्याची पारख रेसकोर्स जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून केली होती, हेही या विवेचनात यथावकाश येईल.

प्रथम 'थॉरोब्रेड' ही संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. थॉरोब्रेड म्हणजे नुसता चांगल्या रक्ताचा घोडा नव्हे. ज्याची आई आणि बाप, त्यांचे आईबाप आणि त्यांच्याही मागच्या पिढ्या अधिकृत वंशावळीच्या नोंदवहीत सापडतात, असा शर्यतीसाठी पैदास केलेला घोडा. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून आलेल्या वळू घोड्यांचा तेथील घोड्यांशी संकर होत गेला आणि त्यातून ही जात घडली. आजच्या सर्व थॉरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळते. त्यातही फार मोठा भाग डार्ली अरेबियनच्या वंशातल्या, १७६४ मध्ये जन्मलेल्या 'इक्लिप्स' या घोड्यामार्फत येतो. जगभरच्या थॉरोब्रेड घोड्यांची तुलना शक्य वाटते ती या बंदिस्त वंशावळीमुळे. मात्र वंश एक असला तरी त्या वंशाकडून मागितले गेलेले काम दर काही दशकांनी बदलत गेले, ही गोष्ट तुलना करणारे फार लवकर विसरतात.

घड्याळ हे सर्वांत निःपक्षपाती माप असावे असा पहिला समज असतो. पारनेर, संगमनेर किंवा अकोले तालुक्यातल्या घाटांत बैलगाडा शर्यती पाहिलेल्या माणसाला त्यातली मेख सांगावी लागत नाही. तेथे प्रत्येक बारी स्वतंत्रपणे सुटते आणि निकाल सेकंदांवर लागतो, तरी एका गावच्या घाटातले सेकंद दुसऱ्या गावच्या घाटाला लावून बैलांची प्रतवारी कोणी जाणता मनुष्य करीत नाही, कारण घाटाची लांबी, चढ आणि माती ही प्रत्येक गावाची वेगळी असते. घोड्यांच्या शर्यतीत हेच आणखी गुंतागुंतीचे होते. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत चालतो, तर पुण्याचा जुलैच्या आसपास, पावसात सुरू होतो. त्यामुळे महालक्ष्मीच्या मैदानावर एखाद्या घोड्याने नोंदवलेली वेळ आणि त्याच घोड्याने त्याच अंतरावर पुण्याच्या ओल्या हिरवळीवर नोंदवलेली वेळ यांत पडणारा फरक हा घोड्याचा नसून भुईचा असू शकतो. हा फरक आकड्यात आणण्यासाठी पेनेट्रोमीटर वापरतात. ठराविक वजनाच्या आघाताने सळई जमिनीत किती रुतते हे ते उपकरण सांगते आणि शर्यतीच्या दिवशी तो आकडा जाहीर होतो. जुन्या काळच्या नोंदींत मात्र जमीन 'कठीण', 'चांगली' किंवा 'जड' एवढाच शेरा असतो आणि वेळ हाताने दाबलेल्या घड्याळाची असते.

घड्याळ किती फसवू शकते याचा उत्कृष्ट दाखला ज्यांचे बालपण मुंबई-पुण्यात गेले त्या तिसऱ्या आगाखानांच्या तबेल्यात सापडतो. या घराण्याचा घोड्यांचा शौक मुंबईत अरबी घोड्यांपासून सुरू झाला आणि पुढे इंग्लंडच्या मैदानांवर पोहोचला. १९३५ ची एप्सम डर्बी त्यांच्या 'बहराम'ने जिंकली आणि १९३६ ची 'महमूद'ने. महमूदची वेळ २ मिनिटे ३३.८ सेकंद होती. एप्समच्या डर्बीतला तो विक्रम १९९५ मध्ये 'लामतारा'ने मोडेपर्यंत, म्हणजे तब्बल ५९ वर्षे, टिकला. आदल्या वर्षीच्या बहरामपेक्षा महमूद सुमारे दोन सेकंदांनी वेगवान ठरला. घोडा या शर्यतीत सेकंदाला साधारण सोळा मीटर जातो आणि एक 'लेंग्थ', म्हणजे नाकापासून शेपटापर्यंतची घोड्याची लांबी, अडीच मीटरच्या आतबाहेर धरतात. त्या हिशेबाने दोन सेकंद म्हणजे बारा-चौदा लेंग्थ. कागदावर पाहता महमूदने बहरामला धुळीत मिळवायला हवे. प्रत्यक्षात बहराम आपल्या नऊच्या नऊ शर्यतींत अपराजित राहिला आणि त्याने २००० गिनीज, डर्बी व सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकून 'ट्रिपल क्राउन' मिळवला, तर महमूदचा पराभव अनेकदा झाला. आणि दोघांमध्ये बहराम सरस होता याविषयी जाणकारांमध्ये फारसे दुमत आढळत नाही. १९३६ ची जमीन उन्हाने टणक झाली होती आणि हलक्या बांध्याच्या, पांढुरक्या महमूदला ती मानवली. बहरामला डर्बी जिंकण्यापुरतेच धावावे लागले; त्याला घड्याळाशी शर्यत करायला कोणी लावले नव्हते. शर्यत सुरुवातीला संथ झाली की अखेरची धाव कितीही तेज असली तरी एकूण वेळ खालावते, आणि घोडा जितका चतुराईने हाकला जाईल तितकी त्याची वेळ कमी विश्वासाची ठरते.

याचा अर्थ घड्याळ टाकून द्यावे असा नाही. १९७३ मध्ये 'सेक्रेटेरियट'ने अमेरिकेतील बेलमाँट स्टेक्स ही दीड मैलांची शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत, एकतीस लेंग्थच्या अंतराने जिंकली. मातीच्या ट्रॅकवरची त्या अंतराची ती वेळ आजही कोणाला गाठता आलेली नाही, आणि तेथे वेळ व अंतर दोन्ही एकच साक्ष देतात. घड्याळाचा खरा उपयोग एका घोड्यापेक्षा संपूर्ण जातीविषयी बोलण्यासाठी अधिक होतो. गॅफनी व कनिंगहॅम या संशोधकांनी १९८८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवले की थॉरोब्रेडच्या आनुवंशिक गुणवत्तेत सुधारणा होत असूनही इंग्लंडच्या मोठ्या शर्यतींच्या विजयी वेळा मात्र थबकल्यासारख्या दिसतात. पुढे २०१५ मध्ये शार्मन व विल्सन यांनी ब्रिटनमधल्या दीडशेहून अधिक वर्षांच्या वेळा तपासून निष्कर्ष काढला की लहान अंतरांवर घोडे अजूनही वेगवान होत आहेत, लांब अंतरांवर मात्र ती वाढ जवळजवळ थांबली आहे. पैदास करणाऱ्यांनी वेग मागितला आणि वेग मिळाला. दम मागणे त्यांनी कमी केले.

विजयांची मोजदाद हे दुसरे माप, आणि सामान्य रसिकाला ते सर्वांत पटते. इक्लिप्स अठरा शर्यतींत अपराजित राहिला, एवढ्यावर त्याचे नाव अडीचशे वर्षे टिकले आहे. त्यांतल्या काही शर्यतींत त्याच्याविरुद्ध कोणी घोडा उतरवायलाच तयार झाला नाही आणि त्याने एकट्याने फेरी मारून बक्षीस घेतले, हा तपशील मात्र आठवणीतून गळतो. भारतात 'स्क्वाँडरर' या घोड्याचे नाव याच मापामुळे अमर झाले. १९७७ ची इंडियन डर्बी जिंकणारा हा घोडा रशीद बायरामजी यांच्या तालमीत तयार झाला, वसंत शिंदे यांनी तो हाकला, आणि १९ शर्यतींपैकी १८ जिंकून तो निवृत्त झाला. पुढे 'इल्युझिव्ह पिंपर्नेल'ने २३ पैकी २२ शर्यती जिंकल्या. टक्केवारीच काढायची झाली तर पहिल्याचे यश ९४.७ आणि दुसऱ्याचे ९५.७ ठरते, आणि जेमतेम एका टक्क्याच्या या फरकावर कोणी दुसऱ्याला श्रेष्ठ ठरवू लागला तर त्याला घोड्यांचे ज्ञान कमी आणि त्रैराशिकाचे अधिक असे म्हणावे लागेल. इंग्लंडचा 'ब्रिगेडियर जेरार्ड' १८ पैकी १७ शर्यती जिंकला, म्हणजे टक्केवारीत तो स्क्वाँडररच्या किंचित मागे पडतो. तरीही या दोघांचा तौलनिक दर्जा या आकड्यांवरून ठरवण्याचे धाडस कोणी करणार नाही, कारण हरवलेले प्रतिस्पर्धी कोण होते हे मोजदादीत कुठेच दिसत नाही.

भारतीय शर्यतींच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. मुंबई, पुणे, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता या केंद्रांचे हंगाम वेगळे, प्रत्येकाचे आपापले प्रमुख चषक वेगळे. त्यामुळे एका केंद्राचा राजा दुसऱ्या केंद्राच्या राजाला वर्षभर टाळू शकतो. ही कोंडी फोडण्यासाठी १९६० च्या दशकात इंडियन टर्फ इन्व्हिटेशन कप ही केंद्राकेंद्रांत आळीपाळीने भरणारी शर्यत सुरू झाली. ज्या दशकात सर्व केंद्रांचे उत्तम घोडे एकत्र येऊन भिडले त्या दशकातले विजय अधिक वजनदार मानले पाहिजेत. नुसती बेरीज हे सांगत नाही.

येथे हँडिकॅपरच्या पद्धतीकडे वळले पाहिजे, कारण तुलनेची खरी शास्त्रशुद्ध खटपट तेथेच झाली आहे. हँडिकॅप म्हणजे बलवान घोड्यावर अधिक आणि दुबळ्यावर कमी वजन लादून सर्वांना, निदान तत्त्वतः, एकाच वेळी विजयरेषेवर आणण्याची व्यवस्था. जॉकीचे वजन कमी पडले तर खोगिराच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालतात. मैलभराच्या शर्यतीत साधारण दोन पौंड म्हणजे एक लेंग्थ असा ढोबळ हिशेब ब्रिटिश परंपरेत रूढ आहे. त्यामुळे एखादा घोडा किती अंतराने जिंकला आणि त्याच्या व हरलेल्याच्या पाठीवर किती वजन होते हे कळले की दोघांमधला फरक पौंडांत मांडता येतो. अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले, क आणि ड बरोबरीत सुटले, अशा साखळीने एका हंगामातले शेकडो घोडे एकाच श्रेणीपत्रकात बसवता येतात. ऑस्ट्रेलियाच्या 'फार लॅप'चे उदाहरण ही पद्धत किती क्रूर होऊ शकते हे सांगते : १९३० चा मेलबर्न कप जिंकल्यावर १९३१ मध्ये त्याच्या पाठीवर सुमारे ६८ किलो वजन आले आणि तो आठवा आला. केवळ निकाल पाहणाऱ्याला ती घसरण दिसेल. हँडिकॅपरच्या वहीत मात्र आठव्या क्रमांकाच्या त्या धावेची किंमत पुष्कळांच्या विजयांपेक्षा मोठी असू शकते.

मुंबईने ही पद्धत एका वेगळ्याच प्रयोगात वापरून पाहिली होती, आणि थॉरोब्रेडच्या मोठेपणाविषयीचा सर्वांत जुना पुरावा कदाचित त्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात बसरा, कुवेत आणि आखाताच्या इतर बंदरांतून अरबी घोडे गलबतांनी मुंबईत येत आणि अरब सौदागरांच्या तबेल्यांत विकले जात. फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांचा पुढे विख्यात झालेला 'व्होनोलेल' हा घोडा १८७७ मध्ये मुंबईतच विकत घेतला गेला होता. याच बाजारात ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून येणारे 'वेलर', इंग्लंडहून आणलेले थॉरोब्रेड आणि येथे जन्मलेले 'कंट्रीब्रेड' घोडे असत. हे सगळे एकाच शर्यतीत उतरवायचे तर अरबी घोड्याला इंग्रजी घोड्यापेक्षा बरेच कमी वजन द्यावे लागे, नाहीतर अरबी घोड्यांसाठी स्वतंत्र शर्यती ठेवाव्या लागत. ज्या अरबी रक्तातून थॉरोब्रेड घडला त्या मूळ रक्ताला शंभर-दीडशे वर्षांनंतर आपल्याच वंशजाकडून वजनाची सूट घ्यावी लागली, हा पैदाशीच्या निवडीचा परिणाम मुंबईच्या वजनकाट्यावर पौंडापौंडाने नोंदला गेला आहे. जातीजातींमधल्या तुलनेसाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा फारशी कुठे नव्हती.

एकाच हंगामात ही साखळी मजबूत असते. दशके ओलांडताना मात्र ती तुटते. फिल बुल यांनी स्थापन केलेल्या 'टाइमफॉर्म' या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेच्या श्रेणीत 'फ्रँकेल'ला १४७, 'सी-बर्ड'ला १४५, आणि 'ब्रिगेडियर जेरार्ड' व 'ट्यूडर मिन्स्ट्रेल' यांना प्रत्येकी १४४ असे गुण आहेत. फ्रँकेल २०१० ते २०१२ या काळात चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. सी-बर्ड १९६५ चा, ट्यूडर मिन्स्ट्रेल १९४७ चा. हे आकडे एका ओळीत छापले की ते एकाच मोजपट्टीवरचे वाटतात, पण १९४७ मधला सरासरी घोडा आणि २०१२ मधला सरासरी घोडा सारखाच होता, असे गृहीत धरल्याशिवाय ती ओळ उभीच राहत नाही. आंतरराष्ट्रीय श्रेणीसमितीने जानेवारी २०१३ मध्ये हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला : पूर्वीच्या वर्षांतले गुण तेव्हाच्या हँडिकॅपरांनी सढळ हाताने दिले होते, असे ठरवून तिने जुने आकडे टप्प्याटप्प्याने खाली आणले. १९८६ चा 'डान्सिंग ब्रेव्ह' १४१ वरून १३८ वर उतरला आणि १४० गुणांचा फ्रँकेल आपोआप पहिला झाला. ज्या घोड्याचा मृत्यू होऊन वर्षे लोटली होती त्याला एका बैठकीत तीन पौंडांनी मागे खेचले गेले. फ्रँकेल थोर होता यात संशय नाही, पण त्याचा पहिला क्रमांक मैदानावर जितका कमावला गेला तितकाच टेबलावर जुळवला गेला, हे म्हणणे भाग आहे.

या पद्धतीची आणखी एक उणीव बडोद्याच्या राजघराण्याच्या घोड्यांनी उघड केली. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 'डान्ते' या १९४५ च्या डर्बी विजेत्याचा सख्खा भाऊ शिंगरू असताना २८,००० गिनी देऊन विकत घेतला. त्या काळी वर्षाच्या शिंगरासाठी ही विक्रमी रक्कम होती. आपल्या आजोबांच्या नावावरून त्यांनी त्याचे नाव 'सयाजीराव' ठेवले. १९४७ च्या २००० गिनीज या मैलभराच्या शर्यतीत ट्यूडर मिन्स्ट्रेलने आठ लेंग्थने विजय मिळवला आणि सयाजीराव तिसरा आला. त्या दिवशी त्या दोघांत तुलनाच संभवत नव्हती. काही आठवड्यांनी एप्समच्या दीड मैलांच्या डर्बीत सयाजीराव पुन्हा तिसरा आला, पण या वेळी ट्यूडर मिन्स्ट्रेल त्याच्या मागे, चौथा होता. त्याच वर्षी सयाजीरावने आयरिश डर्बी जिंकली, आणि पावणेदोन मैलांहून थोडी लांब असलेली डॉनकॅस्टरची सेंट लेजरही जिंकली. घोडे तेच, वर्ष तेच, वयही तेच. अर्ध्या मैलाच्या फरकाने श्रेष्ठत्वाचा क्रम उलटला. तरीही श्रेणीपत्रकात ट्यूडर मिन्स्ट्रेल सयाजीरावच्या फार वर आहे, कारण श्रेणी घोड्याच्या सर्वोत्तम दिवसाची असते आणि त्याचा सर्वोत्तम दिवस मैलभराचा होता. घोड्याच्या नावापुढे एकच आकडा लिहिणे म्हणूनच सदोष आहे. अंतराशिवाय श्रेणी हे विधान अर्धवट आहे. फ्रँकेलविषयीही हेच म्हणता येईल, कारण तो सव्वा मैलापेक्षा फारसा लांब कधी धावलाच नाही, आणि दीड मैलांवर सी-बर्डने पॅरिसच्या आर्क शर्यतीत जे केले ते त्याने केले असते की नाही, याचे उत्तर कोणत्याही गणिताकडे नाही.

अंतराचा हा प्रश्न जरा मागे नेला की तो दख्खनच्या भूमीवर येतो. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी १४६९ च्या सुमारास एक घोडा विकण्यासाठी घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला आला. तेथील सुभेदाराने तो घोडा जप्त केला आणि मोठ्या मिनतवारीने तो त्याला परत मिळाला. या देशात घोडे पैदा होत नाहीत, आणि येथे त्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य व शिजवलेली खिचडी चारतात, अशी नोंद त्याने केली आहे. त्याच जुन्नरहून पुढे मलिक अहमदने निजामशाही उभी केली आणि १४९० मध्ये अहमदनगर वसवले. चौल हे निजामशाहीचे बंदर झाले आणि अरबस्तान व इराणचे घोडे त्या वाटेने घाटावर येत राहिले. पण समुद्रमार्गे आलेला महागडा घोडा आणि भीमेच्या खोऱ्यात वाढलेला भीमथडीचा तट्टू यांच्यातली निवड दख्खनने शर्यतीत केली नाही, मोहिमेत केली. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि विजापूरच्या संयुक्त फौजेचा पराभव केला, तेव्हा त्याच्या बारगिरांच्या घोड्यांकडून अपेक्षा होती ती दिवसेंदिवस अपुऱ्या चाऱ्यावर, डोंगरवाटांनी आणि नदीनाल्यांतून चालत राहण्याची. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावरचा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची चाकरीच धोक्यात येई, म्हणून त्याच्या दृष्टीने उत्तम घोडा तोच जो मोहिमेच्या अखेरीस जिवंत परत येई. श्रीगोंदा-कर्जतच्या सीमेवरून वाहणाऱ्या भीमेच्या काठी आणि तेथील धनगरांच्या वाड्यांवर हा ठेंगणा, चिवट घोडा पुढेही टिकला, मेंढरांमागे बिऱ्हाड वाहत राहिला, आणि अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'भीमथडी' ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. महालक्ष्मीच्या २४०० मीटरवर तो शेवटचा येईल हे उघड आहे. भातवडीच्या मोहिमेत आजचा डर्बीविजेता किती दिवस टिकला असता, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही, हे सांगणारा एक घोडा आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला जिंकून पुढच्याच महिन्यात आसईची लढाई लढणारे आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये अरबी घोड्यांवर बसत. आसईत त्यांच्या 'डायोमेड' या अरबी घोड्याला भाल्याची जखम झाली होती. पुढे वॉटर्लूच्या रणांगणावर ते 'कोपेनहेगन' या घोड्यावर दिवसभर होते. कोपेनहेगन हा इक्लिप्सचा नातू, शर्यतींसाठीच पैदास झालेला, पण रेसकोर्सवर त्याचे यश बेताचेच राहिले. त्या काळच्या श्रेणीपत्रकात त्याचे नाव शोधून सापडले नसते. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत तोफांच्या आवाजात न बिथरता चालण्याचे काम त्याच्याइतके चांगले त्याच्या कितीतरी वेगवान भाऊबंदांना जमले नसते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : खुद्द इक्लिप्सच्या काळी शर्यती चार-चार मैलांच्या आणि अनेकदा एकाच दिवशी पुन्हापुन्हा धावायच्या असत. त्यामुळे काळाच्या आणि जातीच्या दृष्टीने दूर असला तरी कामाच्या दृष्टीने इक्लिप्स आजच्या दोन वर्षांच्या वयात बाराशे मीटर धावणाऱ्या शिंगरापेक्षा मराठा शिलेदाराच्या घोड्याच्या अधिक जवळ होता. ज्या नगरच्या छावणीत एकेकाळी घोडदळ असे, तेथे १९२० च्या दशकात रणगाड्यांचे शिक्षण सुरू झाले आणि पुढे चिलखती दलाचे केंद्र झाले. 'पूना हॉर्स', 'डेक्कन हॉर्स' ही नावे रणगाड्यांच्या पलटणींना उरली. घोड्याला मोहिमेतून सुट्टी मिळाली तेव्हापासून थॉरोब्रेडला वेगाखेरीज दुसरे काही सिद्ध करायचे राहिलेच नाही.

संततीच्या मापाविषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण भारतात ते माप घोड्यांपेक्षा आयात वळू घोड्यांविषयीच अधिक बोलते. येथील पैदाशीत परदेशातून आणलेल्या वळू घोड्यांचा वाटा एवढा मोठा राहिला आहे की स्वतः धावण्यात थोर असलेल्या देशी घोड्याला उत्तम घोड्या मिळणेच अवघड जाते; मग त्याची संतती सामान्य निघाली तर दोष त्याच्या रक्ताचा की संधीचा, हे सांगता येत नाही. शर्यतीतून निवृत्त झालेल्या सामान्य घोड्याला महाराष्ट्रात वेगळेच काम मिळाले, हा उल्लेख मात्र टाळता येत नाही. पुण्याजवळच्या पूनावाला स्टड फार्ममधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लसीसाठीच्या सीरमकरिता दिले जात, आणि त्या अनुभवातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. माणसांना वाचवण्याच्या हिशेबात न जिंकलेल्या घोड्यांनी काय केले याची श्रेणी कोणी लावलेली नाही.

या सर्व मापांची मर्यादा मान्य करूनही जेथे तुलना प्रामाणिकपणे करता येते अशी एक जागा उरते : तेच मैदान, तीच शर्यत, तेच अंतर, तीच वजनाची अट. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी महाराज गायकवाडांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी पाठीवर असताना जिंकली. २०१० मध्ये पेसी श्रॉफ यांनी तयार केलेल्या 'जॅकलीन' या घोडीने इंडियन १००० गिनीज, २००० गिनीज आणि ओक्सच्या पाठोपाठ डर्बीही जिंकली. मध्ये ६७ वर्षे असली तरी दोघींनी महालक्ष्मीच्या हिरवळीवर, त्याच ऋतूत घोड्यांना हरवले. आज घोडीला डर्बीत घोड्यापेक्षा दीड किलो कमी वजन मिळते, आणि जॅकलीनचे मोजमाप करताना ती सूट वजा केली पाहिजे. तरी मैलभराच्या गिनीजपासून दीड मैलांच्या डर्बीपर्यंत एकाच हंगामात, घोड्या आणि घोडे दोहोंविरुद्ध, चार वेळा पुढे राहणे हे ट्यूडर मिन्स्ट्रेलला अंतरात आणि महमूदला सातत्यात जमले नव्हते. या कारणाने भारतीय घोड्यांची प्रतवारी करायचीच झाली तर जॅकलीनला स्क्वाँडररच्या शेजारी, एका पावलावर मागे, बसवावे लागेल. इल्युझिव्ह पिंपर्नेलचा एका टक्क्याचा वाढावा या दोघांच्या मध्ये येण्यास पुरेसा नाही. या घोड्यांच्या काळच्या सर्व केंद्रांचे हंगाम, शर्यतींतली वजने आणि जमिनीचे शेरे एकत्र मांडलेले पत्रक तयार झाले, तर हा क्रम बदलूही शकेल, आणि ते काम टर्फ क्लबांच्या जुन्या रेसिंग कॅलेंडरांच्या बांधीव खंडांतूनच करावे लागेल.